कोकूची सव्वा मूठ

१

आधीच सांगून ठेवते, मी बारावी सायन्स आहे. फिजिक्सला शंभरात अठ्ठ्याहत्तर होते, मार्कशीट अजून कपाटात आहे. पुढे लग्न झालं, नवरा गेला, मेस टाकली आणि आता रोज पस्तीस पोरांच्या पोळ्या लाटते, तो भाग वेगळा. पण कुणाच्या अंगात आलं, कुणाला काही दिसलं, असं कुणी सांगायला बसलं की मी उठून भांडी घासायला जाते. त्यामुळे आज मीच असलं काही सांगायला बसलेय याची मला लाज वाटते.

मेसबरोबर मी पोरापोरींना खोल्याही बघून देते. जळगावच्या मेहरूणमधली घरं मला आतून पाठ आहेत. कुणाच्या बाथरूमला कडी नाही, कोण नऊला गेट लावतं, कुणाला अंड्याचा वास खपत नाही. घरमालक काय विचारणार आणि त्याला काय सांगायचं हे मी रस्त्यातच पोरांकडून घोटून घेते. वीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेलं एकही लेकरू बिनखोलीचं राहिलेलं नाही.

मग कोकू आली. टांझानियाची. तिकडे बुकोबा म्हणून गाव आहे, तिथली. आपण जशी भाकरी खातो तशी त्यांच्याकडे केळी खातात, कच्ची उकडून. त्या केळीवरच शिकायला ती थेट जळगावात आलेली. पासपोर्टवर नाव ॲनिसिया कोकुगोंझा. मी पहिल्याच दिवशी त्याचं कोकू केलं आणि ती हसून हो म्हणाली. एवढी उंच की माझ्या मेसच्या दारातून वाकून यायची.

पाच दिवसांत अकरा घरं दाखवली. एकीकडे सुनेचे दिवस भरत आले होते, म्हणून नको. एकाला पोलिसांचा फॉर्म भरायचं लफडं नको होतं. एका गृहस्थाने तर तिच्यासमोरच मला विचारलं, "हिला कळतं का काही?" त्यावर कोकू माझ्याकडून उचललेल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "थोडं थोडं कळतं, काका." तो खजील झाला, चहा पाजला, पण खोली दिली नाही. ज्यांना मी वर्षानुवर्षं भाडेकरू दिले ती माणसं माझ्या तोंडावर दार लावत होती. मी तिच्याकडे बघायचं टाळायला लागले होते.

आणि वेळ नव्हता. परदेशातून आलेल्या विद्यार्थ्याने चौदा दिवसांत नोंदणी करायची, त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. हॉस्टेल भरलेलं. स्टेशनजवळच्या ज्या लॉजवर ती उतरली होती, तो सही द्यायला तयार नव्हता. येता सोमवार हा शेवटचा दिवस. कागद नसेल तर नाव कमी करू, असं कॉलेजच्या बाईंनी तिला स्वच्छ सांगितलं होतं. नाव कमी झालं की आल्या पावली परत. तिच्या गल्लीतून एवढ्या लांब शिकायला आलेली ती पहिली मुलगी होती.

२

शेवटी गुरुवारी मी तिला झुलालनानांकडे नेलं. खरं तर तिथे नेण्यात अर्थ नव्हता. नानांनी कधी भाडेकरू ठेवला नाही.

नाना पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. सगळी नोकरी तलाव, बंधारे आणि पाटाचं पाणी मोजण्यात गेली. मेहरूणच्या तळ्यासमोर, रस्त्याच्या अलीकडे त्यांचा बंगला आहे, साधा सिमेंटचा, वर एकच खोली. बायको सुगंधाबाई, माहेर धुळ्याकडचं, त्यांना मी अक्का म्हणते. एकुलता एक नवीन दोन वर्षांपूर्वी जर्मनीला शिकायला गेला. वरची खोली त्याची, तेव्हापासून कुलपात. तिकडे नवीनही असाच खोल्या शोधत फिरतो, दोन वर्षांत पाच बदलल्या. एका ठिकाणी म्हणे आठ जण तळघरात राहत होते आणि खिडकीच नव्हती.

नानांनी कोकूला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि मला म्हणाले, "कामिनी, तुला माहीत आहे मी खोली देत नाही."

तेवढ्यात अक्का आतून आल्या. त्यांनी ना माझ्याकडे पाहिलं ना नानांकडे. कोकूचा हात धरला.

"माय, अशी दारमा काय उभी शे? मझार ये."

कोकूला अहिराणीतलं एक अक्षर कळत नव्हतं, पण ती चपला काढून आत गेली आणि स्वयंपाकघरात पाटावर जाऊन बसली. नाना चष्मा पुसत राहिले.

"सोमवारपर्यंत राहू दे," ते शेवटी म्हणाले. "रविवारी कानबाई आहे, घरात कामं पडलीत. सहीचं सोमवारी विसर्जन झाल्यावर बघू."

"नाना, सोमवार शेवटचा दिवस आहे."

"म्हणूनच सोमवारी बघू म्हणतोय."

हा माणूस असाच आहे, वाद घालून उपयोग नाही. मी किल्ली घेतली.

खोलीत नवीनची कॉट, टेबल, कोपऱ्यात क्रिकेटची बॅट. खिडकी मी स्वतः उघडली, हे मुद्दाम सांगतेय. समोर रस्ता, मग कडुनिंब, मग तळं, आणि तळ्याच्या पलीकडच्या काठावर झाडांची रांग आणि निळी पाण्याची टाकी. तिकडच्या वाटेने माणसं फिरत होती, तीसुद्धा दिसत होती. कोकू कितीतरी वेळ बघत राहिली.

"आमचं घरही तळ्यावरच आहे," ती म्हणाली. "पण आमच्या तळ्याला पलीकडचा काठ नाही."

नाना दारात उभे होते. "काठ नाही असं तळं नसतं," ते म्हणाले. "असतो, आपल्याला दिसत नाही एवढंच. मेहरूणचा हा काठ ते तो काठ मी स्वतः मोजलाय."

मी तिला इंग्रजीत सांगितलं. ती मान डोलावून हसली. मोठ्या माणसाला खोटं पाडायचं नसतं, असं काहीतरी त्यांच्याकडेही असावं.

३

कानबाई म्हणजे आम्हा खान्देशी लोकांची देवी. श्रावणातल्या एका रविवारी घरात बसते, सोमवारी सकाळी पाण्यात जाते. तिच्या रोटाची, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांची, रीत नानांच्या घरात फार कडक. घरातल्या एकेका माणसाचं नाव घ्यायचं आणि त्याची सव्वा मूठ गहू परातीत टाकायचे. सगळे गहू एकत्र दळायचे, त्या पिठाचे रोट करायचे. ते घरच्यांनीच खायचे. शेजाऱ्याला द्यायचे नाहीत, पाहुण्याला नाही, सासरी गेलेल्या लेकीलाही नाही. आणि ज्याची मूठ पडली त्याने खाल्लेच पाहिजेत. परदेशातल्या नवीनचा वाटा नाना त्याचं नाव घेऊन खातात.

शुक्रवारी सकाळी मी कोकूचा डबा द्यायला गेले तेव्हा अक्का परात घेऊन बसल्या होत्या. मी त्यांच्या कुळातली नाही, म्हणून उंबऱ्याबाहेरच थांबले. नानांची मूठ पडली. त्यांची स्वतःची पडली. नवीनची पडली, ती जरा भरगच्चच. मग अक्का थांबल्या, वर जिन्याकडे पाहिलं आणि पुन्हा मूठ भरली.

"कोकू," त्या म्हणाल्या आणि गहू सोडले. वर चिमूटभर, सव्वा पुरी करायला.

माझ्या हातातला डबा निसटायचाच राहिला. "अक्का, काय केलं हे? नानांना हे चालायचं नाही."

"मन्हा नवीनले तठे कोन मूठ घाली वं?" त्या परात हलवत म्हणाल्या. "कोनी तरी घालाले पायजे ना. मी आठे घाली, तठे कोनी घाली."

असा हिशेब मी बारावीला शिकले नव्हते. मी म्हटलं, नानांना सांगा तरी. त्यांनी ओठावर बोट ठेवलं, पदर खोचला आणि दुपारी दळण गिरणीतून घरात आणूनही ठेवलं.

४

शनिवारी दुपारी दीडच्या सुमारास मी कोकूचा डबा घेऊन जिना चढत होते. पंधरा पायऱ्या आहेत. आठव्या पायरीवर आवाज आला. आधी पाणी आपटल्याचा, मग वाळू मागे ओढल्यासारखा, मग पुन्हा आपटल्याचा. मला वाटलं अक्कांचं वॉशिंग मशीन चालू आहे. मशीन खाली आहे आणि आवाज वरून येतोय, हे बाराव्या पायरीवर माझ्या लक्षात आलं.

दार उघडं होतं. कोकू जमिनीवर बसून कच्ची केळी सोलत होती, रावेरहून कुणीतरी फण्याच्या फण्या दिल्या होत्या त्यातली. खिडकीचा पडदा आत उडत होता. बाहेर कडुनिंबाचं पानही हलत नव्हतं.

मी खिडकीशी गेले. खाली रस्ता होता. भेळवाल्याची गाडी होती, त्यावरचं निळं प्लास्टिकसुद्धा. कडुनिंब होता. त्यापुढे पाणी सुरू होत होतं, आणि ते कुठे संपतच नव्हतं. झाडांची रांग नव्हती, टाकी नव्हती. पाणी जात जात पार आभाळाला टेकलं होतं.

मी चष्मा काढून पदराने पुसला. धूळ असेल म्हटलं, पण ऑगस्टमध्ये कसली धूळ. धुकं म्हणावं तर लख्ख ऊन पडलेलं.

"धुकं आहे," मी तरीही म्हणाले.

कोकूने सुरी खाली ठेवली. "ताई, तुम्हालाही दिसतंय का?"

"कधीपासून आहे हे?"

"काल दुपारपासून. अक्का पिठाचा डबा घेऊन आल्या ना, तेव्हापासून."

मी डबा तिथेच टाकून खाली आले, चपला न घालता रस्ता ओलांडला आणि तळ्याच्या कठड्याला जाऊन भिडले. समोर काठ होता. निळी टाकी होती. एक माणूस पलीकडे म्हैस धूत होता. मी झाडं मोजली, एकोणीस. मागे वळून वरच्या खिडकीकडे पाहिलं, पडदा गप्प लोंबत होता. म्हटलं, कामिनी, तुला ॲसिडिटी झालीय, सकाळपासून पोटात काही नाही.

पुन्हा वर गेले. पाणी होतं तसंच होतं. फक्त आता दूर, फार दूर, एक होडी होती आणि तिच्यात एक माणूस उभा होता.

मला काही सुचेना तेव्हा मी गणित केलं. वरच्या मजल्याच्या खिडकीतून, सात मीटरांवरून, क्षितिज साधारण साडेनऊ किलोमीटरवर दिसतं. आमचं तळं धड एक किलोमीटरही नाही. म्हणजे समोर होतं ते आमचं तळं नव्हतं. एवढं उत्तर आलं आणि माझं फिजिक्स संपलं.

घाबरले होते, खोटं कशाला बोलू. पण त्याच वेळी असं वाटत होतं की डोळे काढू नयेत. एवढं मोठं पाणी मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मुंबईचा समुद्र पाहिलाय, पण तिथे माणसांकडेच बघून झालं. इथे कुणी न बोलावलेलं एवढं थोरलं पाणी नवीनच्या खिडकीत येऊन उभं होतं, आणि मला हात जोडावेसे वाटले. मी जोडले नाहीत. गुडघा धरून खाली बसले.

"हे तुझं तळं आहे का?" मी विचारलं.

"वास तोच आहे," कोकू म्हणाली.

मग मला राग आला, तिचा नाही, माझाच. या पोरीला या खोलीत मी आणून घातलं होतं. उद्या काही झालं तर तिच्या आईला मी कोणत्या तोंडाने सांगू. "सामान बांध," मी म्हणाले. "माझ्याकडे चल."

"तुमचे मालक सही देतील?"

माझीच खोली भाड्याची, मालक नाशकात.

"ताई, भारतात आल्यापासून मला झोप नव्हती," ती केळी पाण्यात टाकत म्हणाली. "काल लागली."

५

रविवारी मी ठरवून गेले होते. नानांना सगळं सांगायचं, त्यांनी मला वेड्यात काढलं तरी चालेल, वर नेऊन दाखवायचं आणि म्हणायचं, तुम्ही सही करा, पोरीला मी दुसरीकडे ठेवते, कागदावर राहू दे तुमचं नाव. खोटं काम होतं, पण दुसरं काही सुचत नव्हतं.

घरात कानबाई बसली होती. पितळी मुखवट्याला नथ, हिरवं लुगडं, पुढे गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, पुरणपोळी, खीर आणि रोट. नैवेद्य झाला. अक्कांनी पानं मांडली. नानांचं, त्याशेजारी नवीनचं रिकामं, स्वतःचं. मग चौथं मांडलं आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "कोकू, ये वं माय."

नाना घास घेणार होते, हात थांबला. "तिला पुरणपोळी वाढ. रोट कशाला? ती बाहेरची."

"तिनी मूठ घाली मी."

मी ओसरीवरून ऐकत होते. नानांनी घास पानात परत ठेवला. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "काढ ती."

"आते कशी काढू? बठ्ठं दयाई गयं." सगळे गहू एकत्र दळून झाले होते.

माणूस रागावला की ओरडतो, नाना ओरडत नाहीत, ते उठतात. "घरचं कोण हे मूठ ठरवत नाही," ते म्हणाले. "ते मी ठरवीन. आत्ता तिला सांगतो, सामान घे आणि लॉजवर जा. कामिनी, तू रिक्षा बोलाव."

मी रिक्षा बोलावली नाही. "नाना, वर जाऊ नका," एवढंच माझ्या तोंडून निघालं. का ते त्यांनी विचारलं नाही. पायऱ्या चढल्याचे आवाज आले, पंधरा. मग त्यांचा आवाज आला, "हे बघ पोरी," एवढाच, आणि तो तिथेच तुटला.

आम्ही दोघी खाली. अक्का पानांवर बसणाऱ्या माश्या वारत होत्या. दहा मिनिटं झाली. वरून पाणी आपटल्याचा आवाज येत होता, ऐकायचंच नाही ठरवलं तर न ऐकू येण्याइतका. वीस मिनिटं झाली. मी दोनदा जिन्याशी जाऊन आले. वर पाय ठेवायची हिंमत झाली नाही, आणि मी त्याबद्दल स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

मग नाना उतरले. कठड्याला धरून, एकेक पायरी. त्यांचा पायजमा गुडघ्यापर्यंत ओला होता. पायांच्या बोटांत वाळू होती, पांढुरकी, बारीक. मेहरूणला काळा चिखल आहे, वाळू नाही, हे त्या घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्यामागे कोकू उतरली, तिचे पाय कोरडे होते.

नाना पानावर बसले. चेहरा असा झाला होता, की मला त्यांचं लहानपण दिसलं. भीती म्हणावी तर तीही होती त्यात, पण तेवढीच नव्हती.

"काठ नाही, कामिनी," ते म्हणाले. "चाळीस पावलं आत गेलो. मोजली मी. तळ लागतो, पाणी चढत नाही, आणि काठ नाही."

"कुठून आत गेलात?" मी विचारलं.

त्यांनी पायांच्या बोटांतली वाळू झटकली. मी आजवर पुन्हा विचारलेलं नाही.

"पान वाढ तिचं," ते अक्कांना म्हणाले. "मूठ पडलीय तर खाऊ दे."

कोकूने रोटाचा तुकडा मोडला, खिरीत बुडवला, खाल्ला. अक्का तिच्याकडे बघत होत्या. मग उठल्या, मला वाटलं तूप आणायला, तर त्या जिना चढून वर गेल्या. थोड्या वेळाने आल्या, डोळे पुसत.

"याना पलीकडे मन्हा नवीन ऱ्हास का?" त्यांनी कोकूला विचारलं. कोणी भाषांतर केलं नाही. कोकूने त्यांचा हात हातात घेतला आणि तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं, बराच वेळ, आणि अक्का मान हलवत ऐकत राहिल्या.

जेवण झाल्यावर नानांनी चष्मा मागितला, पेन मागितलं. कागद माझ्या पिशवीत आठवडाभर घडी घालून होता. त्यांनी खात्यात करायचे तशी पूर्ण नावाची सही केली आणि खाली तारीख टाकली. भाडेकरूशी नातं असा एक रकाना होता. तिथे पेन जरा थांबलं. मग त्यांनी तो रिकामा सोडला.

६

सोमवारी सकाळी विसर्जनाला निघालो. मी मेसमधून तशीच आले होते, हातात नाश्त्याचा स्टीलचा डबा, अंगावर आंब्याच्या रंगाची साडी. अक्कांच्या डोक्यावर कानबाई, मागे गल्लीतल्या आठ-दहा बायका गाणी म्हणत, पुढे डफवाला. कोकू आली नव्हती. नोंदणीला दहाला पोचायचं होतं, ती कागद लावत होती.

तळ्यावर पोचलो. समोर काठ होता, मी सगळ्यात आधी तेच बघितलं. टाकी होती, झाडं होती. फिरायला आलेला एक माणूस पलीकडे कंबर वाकवून व्यायाम करत होता. मला इतकं बरं वाटलं की मीही गाण्यात सूर लावला असता, पण मला गाता येत नाही. म्हटलं, झालं ते झालं. कागद मिळाला, पोरगी राहिली, आता त्या खिडकीला जाड पडदा शिवून देऊ.

अक्का पाण्यात उतरल्या. त्यांचा तोल जाऊ नये म्हणून मीही डबा काखेत मारून घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिले. पावसाळ्यात आमचं तळं कोमट असतं, अंघोळीला काढून ठेवलेल्या पाण्यासारखं. त्या दिवशी ते गार होतं. पाय मागे घ्यावा इतकं गार. आणि एक लाट आली, छोटीशीच, माझ्या गुडघ्याला लागून मागे गेली. पायाखालून काहीतरी बारीक सरकलं. मी खाली पाहिलं नाही.

मी मागे वळून बंगल्याकडे पाहिलं. वरच्या खिडकीत कोकू उभी होती आणि हात हलवत होती. मी डबा उंचावला. पण ती आमच्याकडे बघत नव्हती. तिची नजर आमच्या डोक्यावरून पलीकडे होती, आणि ती दोन्ही हात हलवत होती, लांबच्या माणसाला दिसावं म्हणून आपण हलवतो तसे. मी गर्रकन समोर पाहिलं. तो व्यायामवाला माणूस कमरेवर हात ठेवून उभा होता. दुसरं कुणी नव्हतं. मी दोनदा, तीनदा वळून पाहिलं. बायका गात होत्या, अक्कांनी देवीला पाण्यात सोडलं.

दुपारी अडीचला कोकू मेसवर आली. नोंदणी झाली होती. शिक्का मारलेला कागद तिने माझ्या पिठाच्या हातात दिला आणि मी तो पुन्हा पुन्हा वाचला. पत्त्यात नानांचं घर होतं, मेहरूण, जळगाव. मला रडू आलं, ते मी कांद्यावर घातलं.

"आईचा फोन आला होता," ती पाटावर बसत म्हणाली. तिच्याकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतं. आमचं विसर्जन चाललं होतं तेव्हा तिकडे पहाट होती आणि आई तळ्यावर भांडी घासायला गेली होती.

"मग? सांगितलंस ना, खोली मिळाली म्हणून?"

"मी सांगायच्या आधी तीच सांगत होती." कोकू शब्द शोधत होती, अर्धे इंग्रजी, अर्धे आमच्याकडे येऊन शिकलेले. "आईचा जन्म त्या तळ्यावर गेला. तिच्या आईचाही. तिथे कुणी कधी पलीकडचा काठ पाहिलेला नाही. आज सकाळी होता."

मी लाटणं खाली ठेवलं.

"काठावर बायका होत्या म्हणाली, रांगेने. एकीच्या डोक्यावर हिरवं लुगडं नेसलेली देवी. मागे घर, वर खिडकी, खिडकीत मी. मी हात केला, तिनेही केला. आणि पाण्यात एक बाई उभी होती, पिवळी साडी, काखेत डबा. सगळ्या गात होत्या, ती एकटी गात नव्हती, सारखी मागे वळून बघत होती."

माझी साडी मागच्या दोरीवर वाळत होती. तिच्या काठातून सकाळी मी मूठभर पांढरी वाळू झाडली होती आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

"आईने विचारलंय," कोकू म्हणाली, "तुला खोली बघून दिली ती हीच का? मी म्हटलं, हो, हीच कामिनीताई. तर ती म्हणाली, तिला विचार, आमच्या तळ्याचं पाणी पहाटे फार गार असतं. तिच्या पायांना लागलं का?"

तिच्या पानात मी पोळी वाढली. तव्यावरची दुसरी करपली, तिचा वास सुटला होता.

"सांग तिला," मी म्हणाले. "लागलं."